इंग्लंडमधल्या खेड्यातलं जुनं चर्च बघायला जाताय? या चुका टाळा

इंग्लंडला राहायला आलो त्या पहिल्या वर्षी मी गावोगावची चर्च बघायचो म्हणजे काय, तर सरळ आत शिरायचो, रंगीत काचा बघायच्या, पोर्चमधल्या पाटीवर "बारावं शतक" लिहिलेलं असलं की त्याचा फोटो काढायचा आणि वीस मिनिटांत बाहेर. एकदा एका छोट्या गावात पितळी मेणबत्तीदाण्या पुसत बसलेल्या आजीबाईंना मी विचारलं, हे चर्च कधीचं? त्यांनी हात न थांबवता विचारलं, "कुठला भाग विचारताय?" मग स्वतःच उठल्या, मला बाहेर नेलं आणि भिंतीत एक उभा सांधा दाखवला, खालपासून वरपर्यंत सरळ रेघ, एका बाजूला ओबडधोबड दगड आणि दुसऱ्या बाजूला घडीव. म्हणाल्या, ही डावीकडची भिंत उजवीकडचीपेक्षा दोनशे वर्षांनी थोरली. त्या दिवसापासून मी चर्च बघायला लागलो असं म्हणायला हरकत नाही, कारण ही चर्च एका वर्षात कुणी बांधलेलीच नाहीत, सातशे-आठशे वर्षं गाव ती वाढवत, पाडत, जोडत आलंय, आणि खरी मजा त्या जोडांमध्ये आहे.

आपल्याकडून तिकडे गेलेले बरेच जण आता वीकेंडला अशी चर्च बघतात, ग्रुपवर फोटो टाकतात, आणि फोटोखाली तेच तेच चुकीचं लिहिलेलं असतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहितोय.

आधी बेसिक नावं, म्हणजे पुढे अडायला नको. देवळाला सभामंडप आणि गाभारा असतो तसं इथं नेव्ह आणि चॅन्सल. नेव्ह म्हणजे पश्चिमेकडचा मोठा भाग, तिथं गावातले लोक जमायचे. चॅन्सल म्हणजे पूर्वेकडचा, सहसा अरुंद आणि बुटका भाग, तिथं ऑल्टर, म्हणजे वेदी, आणि पाद्री. दोघांच्या मधे चॅन्सल आर्च नावाची कमान. नेव्हच्या बाजूला ओसरीसारखे जोडलेले भाग म्हणजे आइल, नेव्ह आणि आइलच्या मधली कमानींची रांग म्हणजे आर्केड, त्या कमानींच्या वर भिंतीत खिडक्यांची ओळ असेल तर ती क्लिअरस्टोरी. पश्चिम टोकाला टॉवर, दक्षिणेला बहुतेक वेळा पोर्च. एवढं पुरे.

खिडकी बघून चर्चचं वय ठरवू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि हिच्यामागे एक चांगली गोष्ट आहे म्हणूनच ती होते. १८१७ साली थॉमस रिकमन नावाच्या माणसानं, जो मुळात हिशेबाची कामं करायचा आणि वास्तुकला स्वतःच शिकला होता, त्यानं इंग्लंडमधल्या जुन्या बांधकामांच्या शैलींना नावं दिली, नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर, आणि ती इतकी चपखल बसली की आज दोनशे वर्षांनीसुद्धा प्रत्येक चर्चच्या माहितीपत्रकात तीच असतात. ढोबळ हिशेब असा. १०६६ नंतर साधारण ११९० पर्यंत नॉर्मन, गोल कमानी, जाड खांब, कमानीवर नागमोडी नक्षी. मग तेरावं शतक अर्ली इंग्लिश, उंच बारीक टोकदार खिडक्या, त्यांना लँसेट म्हणतात. मग साधारण १२५० ते १३५० डेकोरेटेड, म्हणजे खिडकीच्या वरच्या भागात दगडाची जाळी, आधी गोल आणि पाकळ्या, नंतर ज्वाळेसारखी वाहती. आणि त्यानंतर सोळाव्या शतकापर्यंत पर्पेंडिक्युलर, ज्यात खिडकीतल्या उभ्या दगडी पट्ट्या सरळ वर कमानीला जाऊन भिडतात आणि कमान चपटी होत जाते.

हे पाठ केलं की माणूस खिडकीकडे बोट दाखवून "हे चौदाव्या शतकातलं" म्हणायला मोकळा होतो. पण खिडकी हा चर्चमधला सगळ्यात जास्त बदललेला भाग आहे. अंधार असायचा, जरा पैसे आले की गावानं जुन्या भिंतीत भोक पाडून मोठी खिडकी बसवली, शंभर वर्षांनी तीही काढून आणखी मोठी. आपणही जुन्या वाड्याच्या भिंती तशाच ठेवून स्लायडिंगच्या खिडक्या बसवतोच की, त्यावरून वाडा यंदाचा ठरत नाही. खिडकी सांगते की भिंत निदान इतकी जुनी आहे, त्याहून किती जुनी ते नाही सांगत. आणि कित्येक ठिकाणी पूर्वेची मोठी खिडकी तर चक्क एकोणिसाव्या शतकातली असते, जुन्या पद्धतीनं कोरलेली.

मग बघायचं काय? आधी आत जायचंच नाही, बाहेरून पूर्ण फेरी मारायची. कोपऱ्याचे दगड बघा, पायाशी भिंत किंचित पुढे आलीय का बघा, दगडाचा रंग कुठे बदलतो, थर कुठे तुटतात, उभा सांधा कुठे आहे. मोठ्या खिडकीच्या शेजारी बुजवलेल्या छोट्या खिडकीची अर्धी कमान दिसते का बघा, ही अर्धी कमान सापडली की समजायचं भिंत जुनी, खिडकी नवी. आणि टॉवरची नेव्हकडची बाजू बघायला विसरू नका, तिथं बऱ्याचदा जुन्या उंच छताची उलट्या व्ही सारखी खूण राहिलेली असते, आत्ताचं छत त्याच्या खाली सपाट बसवलेलं. म्हणजे मूळ छत उतरतं होतं, नंतर शिशाचे पत्रे घालून ते कमी उताराचं केलं, हे सगळं एका खुणेवरून कळतं.

हियरफर्डशरमधल्या किलपेकचं उदाहरण घ्या. ११४० च्या सुमाराचं, लाल वालुकाश्माचं छोटंसं चर्च, दक्षिणेच्या दारावरचं कोरीवकाम बघून माणूस हलत नाही, छताखाली ऐंशीहून जास्त कोरलेली तोंडं आहेत, त्यात कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेलेसुद्धा आहेत. इंग्लंडमधलं सगळ्यात अस्सल, एकाच काळातलं नॉर्मन खेडेगावचं चर्च म्हणून लोक तिथं जातात, आणि ते बरंचसं खरंही आहे. तरी तिथंसुद्धा नेव्हच्या ईशान्य कोपऱ्यात त्याआधीच्या, नॉर्मन लोक येण्यापूर्वीच्या सॅक्सन काळातलं मानलं जाणारं बांधकाम आहे. जवळजवळ कुणीच त्या कोपऱ्यात जात नाही, सगळे दारापाशी. तुम्ही जा.

गोल कमान दिसली की नॉर्मन म्हणू नका

आपल्याकडे काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की लगेच हेमाडपंती म्हणून मोकळे होतात, तसंच इथं गोल कमान आणि नॉर्मनचं. नॉर्मन लोक १०६६ ला आले, पण त्याआधी चारशे वर्षं सॅक्सन लोक दगडी चर्च बांधत होते आणि त्यांच्याही कमानी गोलच होत्या. फरक ओळखायला काही खुणा आहेत. सॅक्सन चर्च रुंदीच्या मानानं खूप उंच वाटतं, भिंती नॉर्मन भिंतींपेक्षा पातळ, कोपऱ्यात एक दगड उभा एक आडवा असे आलटून पालटून लावलेले, काही खिडक्यांना कमानीऐवजी दोन दगड एकमेकांना टेकवून केलेला त्रिकोणी माथा. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा टॉवर बघितलात तर पुन्हा कधी चूक होणार नाही, सगळ्या टॉवरवर दगडी पट्ट्यांची अशी नक्षी आहे की लाकडी सांगाडा दगडात उतरवलाय असं वाटतं.

आणि काउंटी डरहममधलं एस्कम. सातव्या शतकाच्या शेवटाकडचं. आत्ता त्याच्या भोवती साधी घरं आहेत, मधे गोल आवार आणि त्यात हे उंच अरुंद चर्च, वर छोट्या छोट्या खिडक्या. यातले बरेच दगड जवळच्या बिन्चेस्टरच्या रोमन किल्ल्यातून आणलेले आहेत, आतली चॅन्सल आर्चसुद्धा रोमन कमान उचलून आणून पुन्हा उभी केलीय असं मानतात, आणि बाहेर उत्तरेच्या भिंतीत रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनचं (तुकडीचं) नाव कोरलेला दगड उलटा बसवलाय. आता सांगा, ही कमान रोमन म्हणायची की सॅक्सन? मी तिथं तासभर होतो. ज्या गवंड्यानं तो दगड उलटा लावला त्याला बहुतेक वाचता येत नव्हतं, किंवा येत असेल तरी त्याला त्याचं काही नव्हतं, त्याला चांगला घडीव दगड हवा होता. हे असं काही दिसलं की तेराशे वर्षं एकदम जवळ येतात.

दुसऱ्या बाजूनंही फसगत होते. १८४० च्या आसपास नॉर्मन शैलीत नवी चर्च बांधायची एक लाट आली होती. ती ओळखायची ट्रिक म्हणजे सगळं फार सारखं असतं, प्रत्येक नागमोडी तेवढीच, प्रत्येक दगड यंत्रानं कापल्यासारखा, कडा अजून धारदार. खऱ्या बाराव्या शतकातल्या कमानीत डावी बाजू उजवीसारखी असेलच असं नाही.

एक इमारत म्हणजे एकच खिसा असं समजू नका

हे मला खूप उशिरा कळलं आणि कळल्यावर शंभर कोडी एकदम सुटली. मध्ययुगात नियम असा झाला होता की नेव्हची देखभाल गावकऱ्यांनी करायची आणि चॅन्सलची रेक्टरनं, म्हणजे ज्याला पिकाचा दशांश मिळायचा त्यानं. तो रेक्टर कधी स्थानिक पाद्री असायचा, कधी लांबचा एखादा मठ, ज्याला गावातून धान्य हवं असायचं पण चॅन्सलवर पैसा घालायची घाई नसायची. त्यामुळे एकाच चर्चचा नेव्ह राजवाड्यासारखा आणि चॅन्सल जुना, छोटा, साधा, किंवा कधी अगदी उलटं असं दिसतं. लोक म्हणतात डिझाइन बिघडलं, मला वाटतं तेव्हाचा जमाखर्चच समोर उभा आहे.

सफकमधलं लॅव्हनम बघा. पंधराव्या शतकाच्या शेवटी या गावात लोकरीच्या कापडाचा इतका पैसा होता की कापडाचे व्यापारी आणि ऑक्सफर्डचे अर्ल यांनी मिळून जवळजवळ सगळं चर्च नव्यानं बांधलं, टॉवर १४१ फूट उंच, नेव्ह म्हणजे काचेचा पिंजराच. आणि त्याच्या पूर्वेला चौदाव्या शतकातला जुना चॅन्सल तसाच, नेव्हपेक्षा कितीतरी बुटका. बाहेरून दक्षिणेकडून उभं राहून बघा, दोन काळ शेजारी दिसतात.

आणि हा नियम नुसता इतिहासात राहिलेला नाही. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या चॅन्सलच्या दुरुस्तीचं प्रकरण २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि ज्यांच्याकडे रेक्टरची जुनी जमीन आली होती त्या आत्ताच्या मालकांना खर्च भरावा लागेल असा निकाल लागला. तेव्हापासून गावात घर घेताना वकील ही जबाबदारी जमिनीला चिकटलेली नाही ना हे तपासायला सांगतात. तिकडे खेड्यात घर घेणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवा.

कमानी जुन्या म्हणून वरची भिंत नवी असं होत नाही

इथं डोकं जरा उलटं चालवावं लागतं. आपल्याला वाटतं खालचं आधीचं, वरचं नंतरचं. पण गावाची लोकसंख्या वाढली की बाराव्या-तेराव्या शतकात करायचे काय, तर नेव्हची भिंत तशीच ठेवून तिच्यात एकेक कमान पाडत जायची आणि बाहेर आइल जोडायचा. म्हणजे कमानी आणि खांब १२०० चे, पण त्यांच्या डोक्यावर जी भिंत आहे ती त्याआधीची, कधी कधी सॅक्सन. मान वर करा, आर्केडच्या वर एखादी बुजवलेली छोटी खिडकी दिसते का बघा, जिचा खालचा भाग कमानीनं कापून टाकलाय. ही खिडकी एके काळी बाहेर उघडत होती. ती सापडली की मला अजूनही आनंद होतो.

आणि आइलची बाहेरची भिंत आर्केडच्या काळातली असेल असंही नाही, कारण आधी आइल अगदी अरुंद असायचे, नंतर रुंद करताना बाहेरची भिंत पाडून नवी बांधायचे आणि आर्केड तसंच राहायचं. उलट प्रवासही आहे. यॉर्कशरमधल्या व्हॉरम पर्सी या उजाड झालेल्या गावचं चर्च आधी वाढत गेलं, आइल जोडले, मग माणसं कमी झाली तसे आइल पाडून कमानी दगडांनी बुजवून टाकल्या. आज ते विनाछताचं आहे, बुजवलेल्या कमानी स्पष्ट दिसतात, गाव किती मोठं होतं आणि किती राहिलं ते त्या भिंतीतच आहे.

उघडा दगड म्हणजे ओरिजिनल असं समजू नका

या चुकीबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्या मनातलं "जुनं चर्च" हे चित्रच इथं चुकलेलं आहे. थंड, राखाडी, उघड्या दगडाच्या भिंती, ओळीनं बाकं, शांतता. मध्ययुगात तसं नव्हतं. आतून चुन्याचा गिलावा असायचा आणि त्यावर रंग, भिंतभर चित्रं, चॅन्सल आर्चच्या वर शेवटच्या न्यायाचं चित्र, एका बाजूला स्वर्ग आणि दुसऱ्या बाजूला भुतं लोकांना नरकात ओढतायत. बऱ्याच काळापर्यंत नेव्हमध्ये बाकंही नव्हती, ती साधारण पंधराव्या शतकात सगळीकडे आली. चॅन्सल आर्चमध्ये लाकडाचा रंगीत पडदा, त्याच्यावर सज्जा आणि क्रूसावरचा येशू. देवळात उत्सवाच्या दिवशी जसा रंग, वास, दिवे, गर्दी असते तसं काहीतरी डोळ्यासमोर आणा.

सोळाव्या शतकात धर्म बदलला, म्हणजे देश कॅथलिकचा प्रोटेस्टंट झाला, चित्रांवर चुना मारला गेला, सज्जे उतरवले. आणि या चुन्यानंच काही चित्रं वाचवली. सरेमधल्या चाल्डनला पश्चिमेच्या भिंतीवर १२०० च्या सुमाराचं मोठं लाल-पिवळं चित्र आहे, मधे शिडी, आत्मे वर चढतायत आणि खाली पडतायत, ते एकोणिसाव्या शतकात चुन्याच्या थराखाली सापडलं.

पण बाकी ठिकाणी त्याच शतकानं घात केला. १८३९ साली केंब्रिजमध्ये कॅम्डन सोसायटी स्थापन झाली, चर्च कसं असावं याची त्यांची अगदी पक्की मतं होती, डेकोरेटेड शैली सगळ्यात शुद्ध असं ते मानायचे. त्यांच्या प्रभावाखाली पुढच्या चाळीस वर्षांत असंख्य चर्चचा जीर्णोद्धार झाला, गिलावा खरवडून काढला, फरशा उखडून नक्षीच्या टाइल बसवल्या, वेगळ्या शैलीच्या खिडक्या काढून "योग्य" शैलीच्या घातल्या. गिलाव्याबरोबर किती चित्रं गेली याचा हिशेब लागणार नाही. न्याय म्हणून हेही सांगतो की कित्येक चर्च तेव्हा पडायच्या बेतात होती, छतं गळत होती, त्यांनी ती वाचवलीही. शेवटी १८७७ साली विल्यम मॉरिस वगैरेंनी जुन्या इमारती जपण्यासाठी वेगळी सोसायटी काढली, तिला लोक प्रेमानं "अँटी स्क्रेप" म्हणायचे, खरवडण्याच्या विरोधातली म्हणून.

मुंबईकरांसाठी मुद्दाम एक गोष्ट. कुलाब्याचं अफगाण चर्च बघून इंग्लंडमधलं तेराव्या शतकातलं चर्च असंच असणार असं खूप जणांना वाटतं, मलाही वाटायचं. ते १८५८ साली वापरात आलं, आणि ते याच केंब्रिजवाल्यांच्या विचारातून आलंय, अर्ली इंग्लिश शैली कशी असायला हवी होती याची त्यांची कल्पना. डिझाइन हेन्री कॉनिबेअरचं, ज्यानं विहारच्या तलावाचं काम केलं तोच इंजिनिअर, आणि आतली सजावट विल्यम बटरफिल्डची. सुंदर आहेच. पण ते एका वेळी, एका डोक्यातून आलेलं आहे, आणि खेड्यातलं मध्ययुगीन चर्च तसं कधीच नसतं.

गाइडच्या गोष्टी जशाच्या तशा पुढे सांगू नका

प्रत्येक चर्चमध्ये कुणीतरी प्रेमानं चार गोष्टी सांगतं. ऐकून घ्या, त्यांचा मान ठेवा, पण ग्रुपवर टाकताना थांबा.

चॅन्सल नेव्हच्या रेषेत नाही, थोडा तिरका आहे, तर म्हणे क्रूसावर येशूची मान कलली तशी ती मुद्दाम केलीय. अहो, जुना चॅन्सल उभा असताना त्याच्या भोवती नवा बांधायचा, मधे भिंत असल्यामुळे दोरी सरळ लावता येत नाही, आणि शंभर वर्षांचं अंतर. तिरका होणारच.

चॅन्सलच्या भिंतीत खाली छोटी खिडकी, तर म्हणे महारोगी बाहेर उभे राहून प्रार्थना ऐकायचे. महारोग्यांसाठी वेगळे आश्रम होते आणि त्यांची वेगळी चॅपल होती. खिडकी नेमकी कशासाठी यावर जाणकारांत एकमत नाही, प्रार्थनेच्या मुख्य क्षणी तिथून घंटा वाजवत असावेत हे मत मला जास्त पटतं. आर्केडजवळ भिंतीत तिरकं भोक असेल तर ते वेगळं, आइलमधल्या ऑल्टरवरून मुख्य ऑल्टर दिसावा म्हणून.

उत्तरेचं बुजवलेलं दार म्हणजे सैतानाचं दार, बाप्तिस्म्याच्या वेळी सैतान बाहेर जायला. खरं तर ते मिरवणुकीसाठी वापरात होतं, धर्म बदलल्यावर मिरवणुका बंद झाल्या, दार उरलं ते नुसतं गार वारा आत आणायला, म्हणून बुजवलं.

दगडी योद्ध्याची मूर्ती पायावर पाय टाकून झोपलीय म्हणजे तो क्रुसेडला, जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला गेला होता, हेही नाही. साधारण १२५० ते १३५० मध्ये तशी मूर्ती घडवायची पद्धत होती, कधीच न गेलेल्यांच्याही तशा आहेत. आवारातली यूची झाडं धनुष्यासाठी लावली म्हणतात, पण इंग्लंडला धनुष्याचं लाकूड इतकं बाहेरून आणावं लागायचं की १४७२ साली कायदाच केला, बाहेरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी सोबत ठरावीक धनुष्यकाठ्या आणायच्याच. आणि तोंडातून पानं फुटणारा चेहरा, ज्याला सगळे "ग्रीन मॅन" म्हणतात, तो चेहरा जुना आहे पण ते नाव १९३९ साली लेडी रॅगलन यांनी दिलंय.

माझी आवडती दुरुस्ती सफकमधल्या ब्लाइदबरची. तिथं छताला लाकडी देवदूत आहेत, पंख पसरलेले, आणि त्यांच्यात बारीक छर्रे सापडले. १६४४ साली मूर्ती फोडत फिरणाऱ्या विल्यम डाउसिंगच्या माणसांनी गोळ्या झाडल्या असं पिढ्यान् पिढ्या सांगत होते. तो तिथं आला होता हे खरं. पण छर्रे नंतरचे निघाले, अठराव्या शतकातले, आणि चर्चच्या हिशेबवहीत छतातले कावळ्यासारखे जॅकडॉ पक्षी मारायला पैसे दिल्याची नोंद आहे. मला ही खरी गोष्ट जास्त जवळची वाटते, पक्ष्यांनी हैराण झालेलं गाव आणि कुणीतरी बंदूक घेऊन आत आलेला.

तसंच शेतात एकटं चर्च दिसलं की "प्लेगनं गाव मेलं" असं लगेच लिहू नका. १३४८-४९ च्या प्लेगनं भयंकर माणसं गेली, पण बहुतेक गावं तेव्हा उजाड झाली नाहीत. व्हॉरम पर्सी त्यानंतर दीडशे वर्षांनी, मेंढ्यांसाठी शेतं मोकळी करताना संपलं. कित्येकदा गाव हळूहळू रस्त्याकडे सरकलं, चर्च जमीनदाराच्या घराशेजारी जागच्या जागी राहिलं. पर्पेंडिक्युलर शैली प्लेगमुळे आली हेही चूक, ग्लॉस्टरला ती १३३० च्या दशकातच दिसते.

काही अडलं, जुळत नसलं तर हे तपासा

दक्षिणेच्या भिंतीवर, दाराजवळ, बोटभर भोक आणि त्यातून निघणाऱ्या रेघा दिसल्या तर ती प्रार्थनेच्या वेळा कळायला केलेली सूर्यघडी, भोकात काडी बसवायचे. ती उत्तरेच्या भिंतीवर किंवा पोर्चच्या आत सावलीत सापडली तर गोंधळून जाऊ नका. दगड तिथला नाही, दुसरीकडून काढून लावलाय, किंवा पोर्च नंतर बांधलंय. रेघा वरच्या बाजूला असतील तर दगड उलटा लावलेला असू शकतो.

चॅन्सलच्या दक्षिण भिंतीत छोटा कोनाडा आणि तळाला भोक असलेली वाटी, ती पिसिना, पवित्र भांडी धुतलेलं पाणी थेट जमिनीत जावं म्हणून. ती गुडघ्याएवढ्या खाली असेल तर पिसिना चुकलेली नाही, जमीन उंच केलीय, बहुतेक एकोणिसाव्या शतकात. आइलमध्ये पिसिना दिसली तर तिथं एके काळी आणखी एक ऑल्टर होतं.

भिंतीत अर्ध्यावर उघडणारं दार, किंवा कुठेच न जाणारा अरुंद जिना दिसला, तर तो चॅन्सल आर्चमधल्या त्या पाडलेल्या सज्ज्यावर जायचा.

चर्चमध्ये शिरताना पायऱ्या उतराव्या लागतात? चर्च खचलेलं नाही. शेकडो वर्षं आवारात माणसं पुरत गेले, जमीनच वर आली. त्यामुळे भिंतीला ओल धरते, म्हणून बाहेर भिंतीलगत चर खणलेली दिसते.

नॉरफकमध्ये गोल टॉवर दिसले की व्हायकिंग हल्ल्यापासून लपायला बांधले असं सांगतात. तिथं चांगला घडीव दगड मिळत नाही, गारगोटीचेच दगड, आणि गारगोटीनं चौकोनी कोपरा करणं अवघड, म्हणून गोल, हे कारण मला जास्त पटतं, जरी त्यावरही वाद आहेत.

टॉर्च न्याच, पण भिंतीवर समोरून मारू नका, अगदी भिंतीला लावून तिरका धरा. हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलला टॉवरच्या आत खालच्या भिंतीवर लॅटिनमध्ये खरवडलेलं आहे, १३५० चं, की सगळं उद्ध्वस्त झालंय, साक्षीला उरलेत ते तळाचा गाळ म्हणावे असे लोक, आणि मग १३६१ च्या प्रचंड वादळाची नोंद. जवळच एका मोठ्या चर्चचं चित्र खरवडलंय, ते लंडनच्या जुन्या सेंट पॉलचं असावं असं मानतात, जे १६६६ च्या आगीत गेलं. समोरून उजेड टाकला तर नुसती भिंत दिसते. तिरका टाकला की अक्षरं वर येतात. प्लेगमधून वाचलेल्या कुणीतरी तिथं उभं राहून हातानं ते लिहिलंय, आणि तुम्ही त्याच जागी उभे असता.

तिकडे स्थायिक होऊन गावच्या चर्चच्या मदतीच्या कामात उतरलात तर एकच विनंती, दगडांमधल्या फटी सिमेंटनं भरू नका आणि कुणी भरत असेल तर थांबवा. जुनी भिंत चुन्याची आहे, ती पाणी आत घेते आणि या फटींमधून बाहेर सोडते. सिमेंटनं ती वाट बंद होते, पाणी दगडातूनच बाहेर यायला बघतं आणि थंडीत गोठून दगडाचे पापुद्रे काढतं. मी ज्या गावात राहायचो तिथं हौसेनं केलेल्या सिमेंटच्या कामानंतर दहा-बारा वर्षांत दगड आत गेला आणि सिमेंटच्या रेघा बाहेर राहिल्या. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये असल्या कामाला फॅकल्टी नावाची परवानगी लागते, ती कागदोपत्री कटकट वाटली तरी टाळू नका. त्याआधी पन्हळी साफ करा, निम्मी ओल तिथेच थांबते.

आता दार. बंद वाटलं तरी परत फिरू नका, लोखंडी कडी जड असते, दोन्ही बाजूंनी फिरवून बघा, खांद्यानं थोडं ढकला. तरी नाही उघडलं तर पोर्चमधल्या फळ्यावर किल्ली कुणाकडे आहे ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं, आणि किल्ली मागायला गेलं की घरातल्या माणसाकडून जे ऐकायला मिळतं ते कुठल्याच पत्रकात नसतं. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना बघायला म्हणून जाऊ नका. आणि निघताना पोर्चचं जाळीचं दार आठवणीनं ओढून घ्या. उन्हाळ्यात पाकोळ्या पोर्चमध्ये घरटी करतात, एखादी आत गेली की तिला वरच्या खिडक्यांचा उजेड दिसतो पण बाहेरची वाट सापडत नाही, आणि पुढचा माणूस कदाचित चार दिवसांनी येतो.